बॉसच्या बागेत एक शनिवार

पॅरिसला जाणाऱ्या मराठी माणसाच्या लिस्टवर चार गोष्टी ठरलेल्या असतात. आयफेल टॉवर, लूव्रमधली मोनालिसा, सीन नदीतली बोट आणि व्हर्साय. पहिल्या तीन शहरातच आहेत, त्यामुळे निवांत होतात. व्हर्सायच्या वाट्याला मात्र जेमतेम अर्धा दिवस येतो. टूरची बस सकाळी गेटवर सोडते, गाइड झेंडी उंच धरून पुढे पळतो, आपण मागे पळतो. आरसेमहालात फोटो, शॉपमध्ये फ्रिज मॅग्नेट आणि दुपारी दीडच्या ठोक्याला बस परत. घरी कुणी विचारलं, ‘कसं होतं?’ की उत्तर तयार, ‘भव्य आहे हो!’

आता भव्य तर आहेच. पण मला विचाराल तर खरं व्हर्साय महालाच्या मागच्या बाजूला सुरू होतं. तिथे जी बाग आहे ना, तिच्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवा. महाल दोन तासांत उरकला तरी चालेल.

मी गेलो तो एका शनिवारी. ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी सहा आठवडे पॅरिसमध्ये होतो, सोबत टीममधली एक मैत्रीण. ती मूळची माण तालुक्यातली, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. आरईआर सी नावाची लोकल पकडली, पॅरिसहून पाऊण तासाच्या आत स्टेशन आलं. स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की समोर सोनेरी गेट. आणि गेटसमोर रांग! वर्षाला ८० लाखांच्या आसपास लोक इथे येतात. त्यातले निम्मे त्याच दिवशी आले असावेत असं वाटत होतं.

जगातलं सगळ्यात मोठं ऑफिस

मुळात हा महाल नव्हताच. लुई तेराव्याने १६२३ साली शिकारीला आल्यावर उतरायला इथे एक छोटंसं घर बांधलं. आजूबाजूला जंगल आणि दलदल. त्याच्या मुलाला, चौदाव्या लुईला, ही जागा आवडली. पण तिचं असं प्रचंड काहीतरी करावं हे त्याच्या डोक्यात बसलं ते एका पार्टीमुळे.

त्याचा अर्थखात्याचा प्रमुख होता निकोला फुके. त्याने व्हो-ल-व्हिकोंत इथे नवा वाडा बांधला आणि १७ ऑगस्ट १६६१ ला राजाला हाउसवॉर्मिंगला बोलावलं. जेवण, नाटक, कारंजी, आतषबाजी... सगळं एकदम टॉप क्लास. इतकं टॉप क्लास की बावीस वर्षांच्या राजाला प्रश्न पडला, माझ्या नोकराकडे माझ्यापेक्षा भारी घर कसं? तीन आठवडेही झाले नाहीत, तोवर ५ सप्टेंबरला फुकेला अटक झाली. अटक करणारा होता दार्तान्यां, ‘थ्री मस्केटिअर्स’मधला तोच, तो खराखुरा माणूस होता. कोर्टाने फुकेला हद्दपारीची शिक्षा दिली, तर राजाने ती बदलून जन्मठेप केली! १६८० साली तो कैदेतच मेला.

आणि त्याची टीम? आर्किटेक्ट ल व्हो, चित्रकार ल ब्रं आणि बागवाला आंद्रे ल नोत्र, तिघेही राजाने व्हर्सायच्या कामाला लावले. फुकेची संत्र्याची झाडंसुद्धा उचलून आणली. असं अ‍ॅक्विझिशन आपल्या कॉर्पोरेट जगातही क्वचितच बघायला मिळतं.

६ मे १६८२ ला राजा सगळा दरबार घेऊन इथे राहायला आला आणि व्हर्साय म्हणजे एक अवाढव्य ऑफिस झालं. तुम्ही-आम्ही ज्या ज्या गोष्टींना वैतागतो त्या सगळ्या तिथे होत्या. सकाळी राजा उठताना त्याच्या खोलीत हजर राहणं हा मान. रात्री झोपताना त्याची मेणबत्ती धरणं हा त्याहून मोठा मान, आणि आज तो कुणाला मिळणार ते राजा ऐनवेळी ठरवणार. राणीसमोर स्टुलावर बसण्याचा हक्क डचेसना, बाकीच्या बायका उभ्या. एखाद्या सरदाराने काही मागितलं आणि तो दरबारात फारसा दिसत नसेल, तर राजाचं उत्तर ठरलेलं होतं. हा माणूस माझ्या कधी नजरेस पडत नाही, एवढंच. वर्क फ्रॉम होमची सोय नव्हती!

ऑफ-साइटही होती. जवळच मार्लीला राजाचा एक छोटा महाल होता, पाहुण्यांसाठी बारा बंगल्या. मोजक्याच लोकांना तिथे न्यायचे. म्हणून राजा समोरून जाताना दरबारी हळूच म्हणत, ‘महाराज, मार्ली?’ बास, एवढंच. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो महाल पाडला. व्हर्सायचं नशीब बरं.

आरसेमहालात आम्ही वीस मिनिटं काढली. ७३ मीटर लांब, ३५७ आरसे, समोर १७ खिडक्या. १६७८ ते १६८४ मध्ये बांधलेला. याच हॉलमध्ये १८७१ साली फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि याच हॉलमध्ये २८ जून १९१९ ला जर्मनीकडून तहावर सही घेतली गेली. बदला घ्यायला जागाही तीच निवडली. त्या तहावर भारताचीही सही आहे बरं का, माँटेग्यू या ब्रिटिश मंत्र्याची आणि सोबत बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. पण गर्दी इतकी की छताकडे बघताना समोरच्याचा सेल्फी स्टिक डोळ्यात जायचा. आम्ही बाहेर पडलो.

राजाने लिहिलेली गाइडबुक

बागेची सगळ्यात भन्नाट गोष्ट ही की तिची एक गाइडबुक राजाने स्वतः लिहिलेली आहे. १६८९ ते १७०५ या काळात चौदाव्या लुईने व्हर्सायची बाग पाहुण्यांना कशी दाखवावी याच्या सूचनांचे सहा खर्डे केले. पाल्हाळ नाही, नुसत्या ऑर्डरी. इथून बाहेर पडा, इथे थांबा, हे बघा, मग तिकडे वळा. ही यादी आजही मिळते आणि बराचसा रस्ता आजही तसाच चालता येतो. आम्ही फोनवर ती उघडून चालायला सुरुवात केली.

पहिली सूचना, महालातून गच्चीवर या आणि पायऱ्यांच्या वरच्या टोकाला थांबा. थांबलो. आणि खरंच, थांबायलाच हवं. समोर सगळी बाग एका सरळ रेषेत उतरत जाते. आधी लातोनाचं कारंजं, मग ३३५ मीटर लांब हिरवी पट्टी, मग अपोलोचं तळं आणि त्यामागे दीड किलोमीटरपेक्षा लांब कालवा. शेवट दिसतच नाही, रेषा थेट आकाशात जाते. ल नोत्रचा फंडा असा की लांबचं तळं जवळच्यापेक्षा मोठं करायचं, म्हणजे वरून सगळं आटोपशीर, हाताशी आल्यासारखं वाटतं. चालायला लागलं की कळतं! ‘ते काय, पाच मिनिटांवर’ म्हणून निघालेला माणूस अर्ध्या तासाने घाम पुसत पोचतो.

हा ल नोत्र म्हणजे माळ्याच्या घराण्यातला. जन्म १६१३ चा, आजोबा आणि वडील दोघेही पॅरिसच्या त्वीलरी बागेत कामाला. राजाशी तो मोकळेपणाने बोलायचा. नंतरचा आर्किटेक्ट आर्दुएं-मांसार याने बागेत संगमरवरी खांबांचं एक गोल रिंगण उभं केलं. राजाने मत विचारलं, तर ल नोत्र म्हणाला म्हणे, तुम्ही गवंड्याला माळी केलंत, मग त्याने त्याच्याच धंद्यातली वस्तू करून दिली. सेंट-सिमों या दरबाऱ्याने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यानेच असंही लिहिलंय की १७०० साली, मरणाच्या महिनाभर आधी, थकलेल्या ल नोत्रला राजाने आपल्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत फिरवलं. ज्या दरबारात स्टुलावर बसायला डचेस असावं लागायचं, तिथे माळ्याला खुर्ची!

दुसरा थांबा लातोना. अपोलोची आई लातोना तहानलेली, दोन मुलं सोबत, तळ्यावर पाणी प्यायला येते. गावकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत, वर गाळ ढवळून ठेवतात. मग त्यांचे बेडूक होतात. कारंजात हे सगळं घडताना दिसतं. कुणी अर्धा माणूस अर्धा बेडूक, कुणी पुरता बेडूक, आणि सगळ्यांच्या तोंडातून पाण्याच्या धारा. २०१३ ते २०१५ मध्ये हे कारंजं पूर्ण दुरुस्त केलं, त्यामुळे सोनं नव्यासारखं चमकतं.

पुढे राजाच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे वळायचं आणि संत्र्यांच्या बागेवर वरून नजर टाकायची. खाली हजारावर झाडं लाकडी पेट्यांमध्ये ओळीने उभी. थंडीत ती मागच्या प्रचंड दगडी हॉलमध्ये जातात, मे महिन्यात परत उन्हात येतात. काही झाडं दोनशे वर्षांहून जुनी आहेत.

एक थांबा मात्र आज सापडत नाही. इथे एक चक्रव्यूह होता आणि त्याच्या वळणावळणावर ३९ कारंजी, प्रत्येकावर इसापची एकेक गोष्ट. होय, आपली इसापनीती! शिशाचे प्राणी आणि बोलल्यासारखं त्यांच्या तोंडातून येणारं पाणी. देखभाल परवडेना म्हणून १७७५-७६ मध्ये तो काढून टाकला. त्या जागी आता साधीशी सुंदर झाडी आहे. मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटली.

आणि अपोलो! चार घोड्यांचा रथ घेऊन सूर्यदेव पाण्यातून वर येतोय. घोडे फेसाळलेले, बाजूला शंख फुंकणारे. नीट बघितलं तर एक गंमत लक्षात येते. हे तळं महालाच्या पश्चिमेला आहे आणि रथाचं तोंड महालाकडे. म्हणजे इथे सूर्य पश्चिमेला उगवलाय. राजा स्वतःला सूर्यराजा म्हणवायचा, दिशा त्याच्या सोयीने बदलली तर बिघडलं कुठे?

नळ गेले

आम्ही अपोलोजवळ बसलो होतो. संगीत चालू, कारंजी उंच उडतायत, पोरं ओरडतायत. आणि एकदम धारा खाली बसल्या. दोन मिनिटांत सगळं शांत. मैत्रीण चटकन म्हणाली, ‘नळ गेले!’

मी हसलो, पण तिचं म्हणणं अगदी खरं होतं. व्हर्सायला पाणी नाही. कधीच नव्हतं. राजाने दलदल निवडली खरी, पण कारंज्यांना लागणारा दाब आणि साठा देणारी नदी इथे नाही. आज बागेत ५५ कारंजी आहेत, ६०० धारा आणि जमिनीखाली ३५ किलोमीटर पाइप. त्यातले बरेचसे पाइप चौदाव्या लुईच्या काळातले आहेत आणि अजून चालतात. राजाच्या काळात कारंजी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती आणि सगळी एकदम चालवणं अशक्य होतं. मग जुगाड! राजा फिरायला निघाला की कारंजेवाले झाडीत दबा धरून बसायचे. राजा वळणावर आला की शिटी. पुढचं कारंजं सुरू. तो गेला की शिटी, ते बंद आणि पुढचं चालू. राजाला सगळीकडे पाणीच पाणी दिसायचं.

‘म्हणजे राजाच्या घरीपण पाणी ठरावीक वेळीच,’ ती म्हणाली. ‘फक्त टँकर यायचा नाही.’

टँकर आणायचाही प्रयत्न झाला, तोही केवढा! सीन नदीवर बुजिव्हाल इथे १६८१ ते १६८४ मध्ये एक यंत्र उभारलं, चौदा प्रचंड पाणचक्क्या आणि दोनशेहून जास्त पंप. नदीचं पाणी दीडशे मीटरपेक्षा उंच डोंगरावर चढवायचं. त्या काळातलं आश्चर्यच. कर्कश आवाजाने आसपासचे लोक हैराण, सतत मोडतोड आणि पाणी तरीही पुरेना. मग १६८५ मध्ये त्याहून मोठा प्लॅन निघाला. दूरवरची यूर नदी कालव्याने व्हर्सायला आणायची. सैन्याच्या पलटणीच्या पलटणी खणायला लावल्या, सुमारे तीस हजार माणसं. दलदलीत तापाची साथ आली आणि शिपाई मेले, पुष्कळ मेले. १६८८ मध्ये युद्ध सुरू झालं, काम थांबलं ते कायमचं. मेंतनों गावात त्या जलसेतूच्या कमानी अजून उभ्या आहेत. त्यांच्यावरून व्हर्सायला पाण्याचा एक थेंबही आला नाही.

महालाच्या बांधकामाचीही तीच कथा. १६८५ च्या सुमाराला इथे ३६ हजार लोक राबत होते. त्याआधी १६७८ साली मादाम द सेव्हिन्ये या बाईंनी एका पत्रात लिहिलं होतं की मजूर इतके मरतायत की रात्री गाड्या भरभरून प्रेतं हलवतात. रात्री, म्हणजे कुणी बघू नये म्हणून. अशा मजुरांची नावं इथल्या कुठल्याही पाटीवर मला दिसली नाहीत.

मी हे सगळं तिला तिथेच वाचून दाखवलं. ती बराच वेळ तळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘लातोनाच्या गोष्टीत पाणी अडवणाऱ्यांचे बेडूक झाले ना?’ मी म्हटलं, हो. ‘मग इथे कुणाचे व्हायला हवे होते?’

याच्यावर मी काय बोलणार? एवढंच म्हटलं की शिक्षा झाली, पण शंभर वर्षांनी आणि भलत्याला. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बायका भाकरी मागत पावसातून चालत व्हर्सायला आल्या. सोळावा लुई तेव्हा शिकारीला गेलेला आणि राणी मारी आंत्वानेत बागेच्या टोकाला आपल्या त्रियानोंमध्ये. तिथे तिने १७८३ पासून एक खोटं खेडं उभारलं होतं, तळं, गवताची छपरं, गाई सगळं. दुसऱ्या दिवशी राजघराण्याला पॅरिसला नेलं ते परत कधी आलंच नाही. खेडं बांधणारा आर्किटेक्ट मीक, राजा आणि राणी, तिघेही गिलोटिनवर गेले.

‘पण बाग सुंदर आहे,’ ती म्हणाली. आहेच. ती म्हणाली म्हणून मलाही म्हणता आलं.

त्याच सोळाव्या लुईकडे आपल्याकडचे लोकही येऊन गेलेत. १० ऑगस्ट १७८८ ला टिपू सुलतानाच्या तीन वकिलांना त्याने याच महालात भेट दिली. इंग्रजांविरुद्ध फौज हवी होती, ती काही मिळाली नाही. त्याच्या अकरा वर्षं आधी, १७७७ मध्ये, सेंट लुबां नावाचा फ्रेंच माणूस याच राजाचा वकील म्हणून पुण्यात नाना फडणवीसांकडे आला होता. फौज त्यातूनही आली नाही, पण मुंबईच्या इंग्रजांची झोप मात्र उडाली.

झाडं मात्र नवीच

संध्याकाळी कालव्याच्या काठाने चाललो. इथे होड्या भाड्याने मिळतात. १६७४ मध्ये व्हेनिसने राजाला गोंडोला भेट दिले होते, नावाड्यांसकट. ज्या भागात ते राहायचे त्याला अजून छोटं व्हेनिस म्हणतात आणि तिथे आता रेस्टॉरंट आहे. दोन कॉफ्यांचं बिल बघून आम्हीही बेडूक व्हायच्या बेतात होतो.

काठावरची झाडं बघून वाटतं, ही राजाच्या काळातली असणार. नाहीत. अशी आखीव बाग शंभरेक वर्षांत म्हातारी होते, झाडं पोकळ होतात, मग सगळी तोडून पुन्हा लावावी लागतात. सोळाव्या लुईने गादीवर येताच १७७४-७५ मध्ये तेच केलं. पुन्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. आणि २६ डिसेंबर १९९९ ला असं वादळ आलं की काही तासांत सुमारे दहा हजार झाडं आडवी झाली. आज दिसतात त्या रांगांमधली कित्येक झाडं तुमच्या-माझ्यापेक्षाही लहान आहेत. जुनी आहे ती ल नोत्रने आखलेली रेषा.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. महालाचं तिकीट वेळेच्या स्लॉटसह ऑनलाइनच काढा आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या. कारंजी बघायची तर एप्रिल ते ऑक्टोबरमधला शनिवार किंवा रविवार गाठा. त्या दिवशी बागेला वेगळं तिकीट असतं आणि पाणी ठरावीक वेळीच सुटतं, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा. त्रियानों दुपारी बारानंतर उघडतं. वेळ उरला तर स्टेशनला परतताना राजाची भाजीबाग बघा, ९ हेक्टरची. राजाच्या माळ्याने, ला कँतिनीने, इथे मार्चअखेरीस स्ट्रॉबेरी पिकवून दाखवली होती. पायात स्पोर्ट्स शूजच घाला, बागेतली वाट खडीची आहे. डबा नेणार असाल तर तो कालव्याच्या बाजूच्या पार्कात उघडा, कारंज्यांच्या बागेत पिकनिकला मनाई आहे. आणि सोमवारी जाऊ नका, महाल बंद असतो.